एक लेखक, तीन नावे, एक क्रमांक

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले, तेव्हा त्यांचे वय अवघे ३३ होते. एवढ्या तुटपुंज्या आयुष्यात त्यांनी ग्रंथपालांना मात्र तीन लेखकांइतके काम लावून ठेवले. 'एकच प्याला' आणि 'भावबंधन' लिहिणारे राम गणेश गडकरी, 'वाग्वैजयंती'तल्या कविता लिहिणारे गोविंदाग्रज आणि विनोदी लेख लिहिणारे बाळकराम. माणूस एकच, पण नावे तीन. आता ग्रंथालयात आलेल्या वाचकाने संगणकावर 'गोविंदाग्रज' असे टाइप केले, तर त्याला काय दिसायला हवे? फक्त कविता? की नाटकेही? आणि त्याने 'गडकरी' टाइप केले, तर कविता लपून राहाव्यात का?

प्रश्न साधा वाटतो. पण याचे उत्तर आधी ठरवून कुठेतरी लिहून ठेवले नाही, तर दर नव्या पुस्तकाच्या वेळी, दर नव्या कर्मचाऱ्याच्या हाताखाली ते वेगळे निघते. एका प्रतीवर 'गडकरी, राम गणेश', दुसरीवर 'गडकरी, रा. ग.', तिसरीवर 'गोविंदाग्रज', चौथीवर 'गोविंदाग्रज (राम गणेश गडकरी)'. चारही नोंदी आपापल्या जागी बरोबर, आणि एकत्र मात्र निरुपयोगी, कारण वाचकाला त्यांपैकी एकच सापडते. कॅटलॉगमधली नोंद ज्या नावाखाली लागते त्याला ग्रंथपाल 'शीर्षक' म्हणतात. पुस्तकाच्या नावाशी गल्लत होऊ नये म्हणून आपण इथे त्याला 'नोंदशीर्षक' म्हणू. आणि या लेखकासाठी, या विषयासाठी, या संस्थेसाठी कोणते नोंदशीर्षक वापरायचे, हा निर्णय जिथे एकदाच लिहून ठेवतात ती 'अधिकृत नोंद'. ग्रंथपाल आपसात बोलताना सरळ 'ऑथॉरिटी' म्हणतात.

अधिकृत नोंद पुस्तकाची नसते, नावाची असते. तिच्यात पहिली ओळ स्वीकारलेल्या नावाची. मग त्याच माणसाची, पण न स्वीकारलेली नावे: अपभ्रंश, आद्याक्षरे, वेगळे लेखन, लग्नाआधीचे नाव. वाचकाने यांपैकी काहीही शोधले तरी त्याला 'पाहा' अशी खूण मिळते आणि तो योग्य ठिकाणी पोचतो. मग संबंधित, पण स्वतंत्र मानलेली नावे. तिथे खूण 'हेही पाहा' अशी. आणि शेवटी, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचे, हा निर्णय कशाच्या आधारावर घेतला त्याची टीप: अमुक पुस्तकाच्या मुखपृष्ठामागच्या पानावर जन्मवर्ष असे दिले आहे, अमुक चरित्रात टोपणनावाचा खुलासा आहे. ही टीप नसेल तर दहा वर्षांनी आलेला ग्रंथपाल त्या निर्णयावर विश्वास कशाच्या बळावर ठेवणार?

या शिस्तीचा पाया घालणाऱ्यांत बोस्टन अथेनियमचे ग्रंथपाल चार्ल्स अ‍ॅमी कटर यांचे नाव मोठे आहे. १८७६ साली त्यांनी छापील कॅटलॉगसाठी नियम प्रसिद्ध केले. लेखक माहीत असलेल्या वाचकाला पुस्तक सापडावे, इतकेच त्यांना पुरेसे वाटत नव्हते. त्या लेखकाचे ग्रंथालयात काय काय आहे तेही त्याला एका जागी दिसावे, असा त्यांचा आग्रह होता. ही दुसरी अट ऐकायला किरकोळ वाटते, पण अधिकृत नोंदीची सगळी कटकट तिच्यातूनच जन्माला आली. एका जागी दाखवायचे, तर आधी 'एक' कोण ते ठरवावे लागते.

टोपणनावांच्या बाबतीत जुन्या पठडीचा कल खऱ्या नावाकडे होता. त्यामुळे अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात कित्येक दशके मार्क ट्वेन हा लेखक क्लेमेन्स, सॅम्युएल लँगहॉर्न या नावाखाली होता. १९७८ साली आलेल्या अँग्लो-अमेरिकन नियमांच्या दुसऱ्या आवृत्तीने हा कल उलटवला: लेखक ज्या नावाने ओळखला जातो ते नाव घ्या. नियम शहाणपणाचा होता, पण लाखो कार्डांची मांडणी बदलायची म्हणजे काय? काँग्रेस ग्रंथालयाने आपला कार्ड कॅटलॉग १९८० अखेर थांबवला आणि नवे नियम २ जानेवारी १९८१ पासून लागू केले. तोवर हेन्रिएट अ‍ॅव्हराम यांच्या पुढाकाराने १९६०च्या दशकात तिथेच तयार झालेली 'मार्क' ही संगणकीय नोंदपद्धत रुळली होती, म्हणून हे जमले.

हाच नियम मराठीला लावला की मजा येते. केशवसुत, बालकवी, ग्रेस यांचा निकाल सोपा आहे. कृष्णाजी केशव दामले, त्र्यंबक बापूजी ठोंबरे, माणिक गोडघाटे ही नावे 'पाहा'च्या रांगेत जातात. दामले या नावाखाली केशवसुतांच्या कविता शोधणारा वाचक मला तरी अजून भेटलेला नाही, आणि तरीही अनेक कॅटलॉगांत ते अजून दामलेच आहेत.

पण शिरवाडकरांचे काय? 'विशाखा'चे कवी कुसुमाग्रज आणि 'नटसम्राट'चे नाटककार वि. वा. शिरवाडकर. लेखकाने स्वतःच कवितेसाठी एक नाव आणि नाटक-कादंबरीसाठी दुसरे, अशी वाटणी केली होती. अशा वेळी आजचे आंतरराष्ट्रीय नियम दोन अधिकृत नोंदी करायला आणि त्यांना 'हेही पाहा'ने बांधायला सांगतात. त्यांचा ठरलेला दाखला लुईस कॅरोलचा: 'अ‍ॅलिस'चा लेखक वेगळा आणि ऑक्सफर्डमध्ये गणित शिकवणारा चार्ल्स डॉजसन वेगळा. आपल्याकडे अशा दाखल्यांना तोटा नाही. आरती प्रभूंच्या 'नक्षत्रांचे देणे'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 'कोंडुरा' लिहिली ती चिं. त्र्यं. खानोलकरांनी. 'झेंडूची फुले' केशवकुमारांची, नाटके आणि अग्रलेख अत्र्यांचे. शिरवाडकरांच्या बाबतीत एक तिसरे नावही आहे. दत्तक जाण्यापूर्वी ते गजानन रंगनाथ शिरवाडकर होते. त्या नावाने कुणी शोधेल अशी शक्यता कमी, पण अधिकृत नोंदीत ते असायलाच हवे, कारण एखाद्या जुन्या कागदावर ते भेटले तर हा कुणी निराळा शिरवाडकर नव्हे हे कळले पाहिजे.

गडकऱ्यांची मात्र मी एकच नोंद करीन. आजचा वाचक त्यांना तीन लेखक मानत नाही. समग्र वाङ्मय गडकरी या नावानेच मागितले जाते. नियमाचे काटेकोर वाचन केले तर तीन नोंदीही समर्थनीय ठरतात. कोणताही निर्णय चालेल, फक्त तो घेतलेला असावा आणि लिहून ठेवलेला असावा.

स्त्री-लेखिकांच्या नावांत हा गुंता आणखी वाढतो. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले तेव्हा विभावरी शिरूरकर कोण, यावर महाराष्ट्रभर चर्चा झाली. ते नाव घेणाऱ्या बाळूताई खरे पुढे मालतीबाई बेडेकर झाल्या आणि त्या नावानेही त्यांनी लेखन केले. १९३३ मध्ये कार्ड लिहिणाऱ्या ग्रंथपालाला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याने विभावरी शिरूरकर असे लिहिले ते योग्यच होते. अधिकृत नोंदीची गंमत अशी की ती पुरावा येईल तशी वाढते: आज तिच्यात दोन नावे, उद्या खुलासा झाला की तीन. पुस्तकांच्या नोंदींना हात लावावा लागत नाही.

एका माणसाची अनेक नावे हा निम्मा प्रश्न. उरलेला निम्मा, आणि अधिक धोक्याचा, म्हणजे एका नावाची अनेक माणसे. कुलकर्णी, जोशी, पाटील, कांबळे या आडनावांच्या नोंदी कुठल्याही मराठी ग्रंथालयात काढून पाहा. आद्याक्षरेही जुळणारे दोन-तीन लेखक हमखास निघतात, एक अर्थशास्त्रावर लिहिणारा आणि दुसरा बालकथा लिहिणारा. त्यांना वेगळे करण्यासाठी नावापुढे जन्मवर्ष जोडायचे अशी रीत आहे. पण मराठी प्रकाशक लेखकाचे जन्मवर्ष छापण्याच्या भानगडीत सहसा पडत नाहीत, त्यामुळे ग्रंथपालाला गुप्तहेर व्हावे लागते.

जुन्या साहित्यात तर हा प्रश्न संशोधकांचा होतो. अभंगात 'नामा' अशी मुद्रा आली म्हणजे ते नामदेवांचेच, असे समजणे धोक्याचे. ओवीबद्ध महाभारत रचणारे विष्णुदास नामा त्यांच्यानंतर काही शतकांनी झाले, आणि 'नामा' म्हणून लिहिणारे आणखीही होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शि. ए. भारदे यांनी 'भारद्वाज' या टोपणनावाने असा वाद उभा केला की ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानेश्वर आणि अभंगांचे ज्ञानेश्वर हे एक नव्हेतच. अभ्यासकांच्या मोठ्या वर्गाने हे मत मानले नाही. पण कॅटलॉग करणाऱ्याला वादात 'दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकले' असे म्हणून सुटता येत नाही. त्याला एक नोंद करायची की दोन, हे ठरवावेच लागते, आणि आज सर्वत्र एकच आहे. आणि हो, हा वाद घालणाऱ्यानेही टोपणनाव घेतले होते, म्हणजे त्याचीही एक अधिकृत नोंद आलीच!

आता या नोंदी पुस्तकांना जोडायच्या कशा? कार्डांच्या काळात जोडणी ग्रंथपालाच्या डोक्यात आणि अधिकृत नावांच्या वेगळ्या खणात असे. नवे कार्ड लिहिताना तो खण उघडायचा, स्वीकारलेले नाव तसेच्या तसे उतरवायचे. दोन्हीकडची अक्षरे सारखी हीच जोडणी. नाव बदलले की प्रत्येक कार्ड खोडरबर आणि टाइपरायटर घेऊन दुरुस्त करायचे. संगणक आल्यावरही बरीच वर्षे हेच चालू राहिले, फक्त खोडरबर गेले.

खरा फरक पडला तो नावाऐवजी क्रमांकाने जोडू लागल्यावर. शेतजमीन कुणाच्याही नावावर चढो, फेरफार कितीही होवोत, गट क्रमांक तोच राहतो. तसा प्रत्येक अधिकृत नोंदीला एक क्रमांक असतो आणि पुस्तकाच्या नोंदीत नावाशेजारी तो क्रमांक ठेवलेला असतो. उद्या अधिकृत नोंदीतले नाव सुधारले, तर त्या क्रमांकाची सगळी पुस्तके आपोआप सुधारतात.

भारतात अनेक महाविद्यालयांनी स्वीकारलेल्या कोहा या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हे कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. कोहा न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या छोट्या ग्रंथालय संस्थेसाठी तयार झाले आणि जानेवारी २००० मध्ये तिथे सुरू झाले. त्यात पुस्तकाच्या नोंदीतल्या लेखकाच्या टॅगमध्ये, म्हणजे १०० क्रमांकाच्या रकान्यात, नावासोबत एका उपरकान्यात अधिकृत नोंदीचा क्रमांक बसतो. पूर्वीच्या हजारो नोंदींत तो नसतो. म्हणून एक आज्ञावली दिलेली आहे, जी सगळी नोंदशीर्षके एकेक करून अधिकृत नोंदींशी ताडून पाहते आणि जुळली की क्रमांक भरते. आधी नुसती चाचणी घेता येते, काहीही न बदलता. शेवटी अहवाल मिळतो: किती जोडली गेली, किती जोडली गेली नाहीत, आणि किती 'साधारण जुळली'.

खरी गोम या आज्ञावलीच्या स्वभावात आहे. ताडताना एकापेक्षा जास्त अधिकृत नोंदी जुळल्या तर काय करायचे, हे ग्रंथपालाने आधी सांगायचे असते. मूळ पर्याय सावध आहे: नेमकी एकच जुळली तरच जोड, नाहीतर सोडून दे. दुसरा म्हणतो, पहिली सापडेल ती जोड. तिसरा म्हणतो, शेवटची जोड. दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायाने अहवालातले 'न जोडलेले' आकडे झपाट्याने कमी होतात आणि समितीपुढे ठेवायला सुंदर दिसतात. पण अर्थशास्त्राच्या कुलकर्ण्यांची पुस्तके बालकथांच्या कुलकर्ण्यांना जोडली गेली, हे त्या अहवालात कुठेही दिसत नाही. न जोडलेली नोंद वाचकाला शोधायला लावते. चुकीची जोडलेली नोंद त्याला खोटे सांगते. म्हणून सावध पर्याय ठेवावा, आणि उरलेली यादी माणसाने हाताने संपवावी. याला वेळ लागतो. लागू द्यावा. नाव सुधारले की पुस्तके आपोआप सुधारतात, हे सुखही इथे उलटते: दोन अधिकृत नोंदी चुकून एकत्र केल्या, तर ती चूकही एका क्षणात सगळ्या पुस्तकांवर पसरते.

देवनागरीत या ताडणीला आणखी अडथळे आहेत. 'पु. ल.' आणि 'पु.ल.' यांतली एक मोकळी जागा. 'चिं. त्र्यं.' मधले अनुस्वार. 'आंबेडकर' आणि 'आम्बेडकर'. सगळ्यात फसवा आहे तो आपला खास मराठी 'ऱ्ह' आणि 'ऱ्य'. 'गोऱ्हे' हे आडनाव युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येते: एकात खाली टिंब असलेला 'ऱ' वापरून, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि मध्ये न दिसणारे एक जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, डोळ्यांना फरक कळत नाही. संगणकाला मात्र ती दोन वेगळी नावे वाटतात आणि अहवालात 'गोऱ्हे' न जोडलेल्यांत पडून राहतात. युनिकोडपूर्व फॉन्टांत भरलेली जुनी माहिती तर नव्या पडद्यावर निव्वळ अक्षरांचा कचरा होऊन उगवते. तेव्हा ताडणी सुरू करण्याआधी सगळ्या नोंदींचे लेखन एकसारखे करून घेणे हे निम्मे काम आहे.

रोमन लिपीत तिसराच घोळ. काँग्रेस ग्रंथालयाची लिप्यंतराची पद्धत देवनागरी अक्षरे जशीच्या तशी उतरवते, म्हणून 'गडकरी'तल्या 'ड'मधला 'अ', जो आपण उच्चारत नाही, तोही तिथे लिहिला जातो. पुस्तकांच्या इंग्रजी मुखपृष्ठांवर तो नसतो. दिल्लीतल्या त्यांच्या कार्यालयामार्फत १९६०च्या दशकापासून अमेरिकेतल्या विद्यापीठांत गेलेल्या हजारो मराठी पुस्तकांची नोंद अशीच आहे. शिकागोत बसलेल्या मराठी माणसाला ती शोधताना आपल्याच लेखकाचे नाव अनोळखी वाटते.

संस्था आणि गावे यांचा नियम व्यक्तींपेक्षा वेगळा आहे. लग्नानंतर लेखिकेचे नाव बदलले तरी ती एकच व्यक्ती, एकच नोंद. पण संस्थेचे नाव बदलले की नवी नोंद, आणि जुनी तशीच राहते. दोन्ही 'पूर्वीचे नाव', 'नंतरचे नाव' म्हणून बांधायच्या. मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले, पुणे विद्यापीठ २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. १९७० चा प्रबंध मात्र पुणे विद्यापीठाच्याच नावाखाली राहिला पाहिजे. तो लिहिला गेला तेव्हा दुसरे नाव अस्तित्वात नव्हते. उत्साहाच्या भरात जुनी सगळी नावे नवी करून टाकणारे ग्रंथपाल इतिहास पुसतात, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

आता हे सगळे देशोदेशी वेगवेगळे चालते, मग ते जोडायचे कुणी? २००३ साली बर्लिनमध्ये अमेरिकेचे काँग्रेस ग्रंथालय, जर्मनीचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि ओसीएलसी ही संस्था यांनी करार करून 'व्हायाफ' नावाची आंतरराष्ट्रीय आभासी सूची सुरू केली. तिने कुणालाही आपले नाव बदलायला सांगितले नाही. प्रत्येक राष्ट्रीय ग्रंथालयाची अधिकृत नोंद आपल्या जागी, आपल्या लिपीत राहते. व्हायाफ फक्त त्या एकाच माणसाच्या आहेत असे जोडून दाखवते. २०१२ पासून प्रत्येक सार्वजनिक नावाला १६ अंकी आंतरराष्ट्रीय क्रमांक देण्याचे मानकही आले. ज्या नोंदी मुळात कुणी केलेल्याच नाहीत, त्या मात्र कुठलीही जागतिक यंत्रणा जोडू शकत नाही, आणि मराठी लेखकांची अडचण इथेच आहे.

सुरुवात मात्र आपण लवकर केली होती. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची एकहाती तयार केली, पुढे १९३८ ते १९५० या काळाचीही. संगणक नव्हता, अनुदानाची मोठी योजना नव्हती. कोणते टोपणनाव कुणाचे हे त्यांना पुस्तके हाताळून, पत्रे लिहून, माणसांना विचारून शोधावे लागले. त्या सूचीतले प्रत्येक नाव म्हणजे न छापलेली अधिकृत नोंद आहे, आणि ते काम पुन्हा नव्याने करण्याचे काहीच कारण नाही.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ पासून आहे आणि शासनमान्य ग्रंथालये हजारोंनी आहेत. यांपैकी प्रत्येकाने सगळ्या मराठी लेखकांच्या नोंदी करायच्या म्हटल्या तर कुणाच्याच पुऱ्या होणार नाहीत. पण सावंतवाडीच्या ग्रंथालयाने सिंधुदुर्गातल्या, पणजीने गोव्यातल्या, छत्रपती संभाजीनगरने मराठवाड्यातल्या लेखकांच्या तेवढ्या घेतल्या, नाव देवनागरीत, जन्मवर्ष, टोपणनावे आणि आधाराची टीप अशा चार ओळींत लिहिल्या आणि एकमेकांना मोकळेपणाने दिल्या, तर काही वर्षांत मराठीची स्वतःची अधिकृत सूची उभी राहील. प्रकाशकांनी पुस्तकात लेखकाचे जन्मवर्ष छापायला सुरुवात करावी. आणि वाचकहो, तुमच्या घरातल्या कुणी टोपणनावाने लिहिले असेल, तर गावच्या ग्रंथपालाला ते एकदा सांगून या, आणि त्याने ते लिहून घेतले का, हेही पाहा.